पाहुण्यांचं व्याख्यान नको, वर्गशिक्षकांचा तास हवा

लोकलच्या डब्यात दाराशेजारी, पंख्याखाली, कधी तर साखळी ओढण्याच्या सूचनेवरच चिकटवलेली ती चौकोनी चिठ्ठी पाहिली नाही असा मुंबईकर सापडायचा नाही. गुप्तरोग, शीघ्रपतन, नामर्दी, खात्रीशीर इलाज, खाली मोबाइल नंबर. असल्या जाहिरातींना मनाई करणारा कायदा १९५४ सालचा आहे. लैंगिक शक्ती वाढवून देतो, गुप्तरोग बरे करतो अशी जाहिरात करणं त्या कायद्यानं गुन्हा आहे. सत्तर वर्षं उलटली तरी चिठ्ठ्या आहेत, कारण गिऱ्हाईक आहे. आणि गिऱ्हाईक आहे, कारण तेराव्या-चौदाव्या वर्षी त्या मुलाला जे सांगायला हवं होतं ते कुणी सांगितलंच नाही. झोपेत वीर्य जाणं हा आजार नाही, त्यानं अंगातली ताकद जात नाही, त्यावर औषध लागत नाही. शाळेनं सांगितलं नाही, बापानं सांगितलं नाही. मग स्टेशनबाहेरच्या गाळ्यातला कुणी ‘स्पेशालिस्ट’ ते उलटं करून सांगतो आणि त्याचे पैसे घेतो.

त्यामुळे मुलांना लैंगिक शिक्षण द्यावं की नाही हा वाद मला आता पोकळ वाटतो. शिक्षण चालूच आहे. डब्यातली चिठ्ठी देते, मोबाइल देतो, गल्लीतला दोन वर्षांनी मोठा दादा देतो. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये शाळांनीच पालकांना सांगितलं की मुलाच्या हातात फोन द्या, अभ्यास त्यावर येणार आहे. फोन दिला गेला, तो काही परत घेतला गेला नाही. त्यावर काय काय दिसतं हे पालकांना माहीत आहे, शिक्षकांना माहीत आहे, आणि त्यांना माहीत आहे हे मुलांनाही माहीत आहे. तरी शाळेच्या दारात आपण सगळे ताकाला जाऊन भांडं लपवतो.

‘द्यायलाच हवं’ म्हणणाऱ्यांची आता कमतरता नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लहान मुलांच्या अश्लील चित्रणाबद्दलच्या निकालात सर्वांगीण लैंगिक शिक्षणाची गरज स्पष्ट मांडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं म्हटलं की या शिक्षणासाठी नववीपर्यंत वाट पाहू नये, आणखी लहान वयापासून ते द्यावं. केंद्राच्या २०२०च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून तयार करायचे आहेत आणि त्यांच्या अकरा विषयांत प्रजनन आरोग्य आहेच. कागद चोख आहे. माझा आक्षेप त्या कागदाचं शाळेत काय होतं याला आहे. तिथं त्याचं वर्षातून एक व्याख्यान होतं, आणि ते व्याख्यान बंद करावं असं माझं मत आहे.

दृश्य ठरलेलं असतं. स्नेहसंमेलन आटोपलेलं, सराव परीक्षा अजून लांब, अशा दिवसांत एखादी संस्था, नाहीतर सॅनिटरी पॅड विकणाऱ्या कंपनीची माणसं शाळेत येतात. आठवी-नववीच्या मुलींना सभागृहात बसवतात; सभागृह नसेल तर दोन वर्गांमधलं लाकडी पार्टिशन सरकवतात. मुलांना मैदानावर सोडतात. मुंबईत मैदान असलेल्या शाळा किती? नसेल तिथं पी.टी.चे सर त्यांना गच्चीवर नाहीतर जिन्यात रांगेनं बसवून ठेवतात. पाहुण्या मॅडम प्रोजेक्टर लावतात. गर्भाशयाचं गुलाबी चित्र, अठ्ठावीस दिवसांचं वर्तुळ, स्वच्छता, पालेभाज्या. पाऊण तासानं ‘काही शंका?’ मागच्या रांगांतून खुसखुस, पुढच्या रांगेत खाली घातलेल्या माना. शंका कुणालाच नसते. मग प्रत्येकीच्या हातात एक पाकीट, वर पाठवायला एक फोटो, अहवालात एक ओळ. मुली वर्गात परततात तेव्हा मुलं विचारतात, ‘काय सांगितलं गं?’ ‘काही नाही.’ आणि पाकीट दप्तरात पुस्तकांच्या मागे खुपसलं जातं.

त्या पाऊण तासात मुलींनी खरोखर शिकलेली गोष्ट एकच असते: हे मुलांपासून लपवायचं असतं. मुलंही तेच शिकतात, जिन्यात बसून. मॅडमचा दोष नाही. बऱ्याचदा त्या विषय चांगला मांडतात. पण ज्या बाईंना आपण पहिल्यांदा बघतोय आणि पुन्हा कधी बघणार नाही, त्यांना सगळ्या वर्गासमोर हात वर करून कोण विचारणार? शिवाय महापालिकेच्या शाळा आठ भाषांत भरतात. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड. पाहुण्यांची चित्रफीत बहुतेक वेळा एकाच भाषेत असते. अंगाबद्दलचा प्रश्न पडतो तो घरच्या भाषेत.

पाठ्यपुस्तकात हा विषय नाही असं नाही. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात सजीवांतील जीवनप्रक्रियांचा धडा आहे. अमीबाचं द्विविभाजन, हायड्राचं मुकुलायन, फुलाचे पुंकेसर-स्त्रीकेसर असं करत करत तो माणसाच्या प्रजनन संस्थेवर येतो, मासिक पाळीचं चक्र सांगतो, पुढे लैंगिक आरोग्यावरही येतो. धडा बरा आहे. अमीबावर आम्ही विज्ञानाचे शिक्षक दोन दोन तास घालवतो, जास्वंदीचं फूल वर्गात आणून ब्लेडनं उभं चिरून दाखवतो. माणूस आला की ‘हे घरी वाचा, आकृती येते परीक्षेत, काढायचा सराव करा.’ आणि दहावी म्हणजे पंधरावं-सोळावं वर्ष. पाळी अनेकींना पाचवी-सहावीतच येऊन गेलेली असते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे.

माझी बरीच वर्षं भांडुपच्या बाजूला एका मराठी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. तिथं मी आठवीच्या वर्गात खडूचा रिकामा खोका ठेवायला लागले. वरून चिकटपट्टी लावलेला, मध्ये फट पाडलेला. नियम दोन. चिठ्ठी प्रत्येकानं टाकायची, प्रश्न नसला तर कोरा कागद घडी घालून टाकायचा, म्हणजे कुणाला प्रश्न आहे ते उठून दिसत नाही. आणि मुलंमुली एकत्रच बसतील. पहिल्या आठवड्यात बहुतेक चिठ्ठ्या कोऱ्या, दोन-तीन शिव्या, एकात माझं कार्टून (नाक बरोबर जमलं होतं). शिव्याही मी वाचून दाखवल्या. त्यातल्या शब्दाचा अर्थ काय, तो अवयव कोणता, त्याचं पाठ्यपुस्तकातलं नाव काय, हे फळ्यावर लिहिलं. वर्ग आधी फुटेस्तोवर हसला, मग कंटाळला. शिवीतली गंमत गेली की खरे प्रश्न येतात.

आणि काय प्रश्न आले! पाळीत किती रक्त जातं, मरत नाही का माणूस? (एका पाळीत साधारण तीस-चाळीस मिलिलिटर जातं. मी चहाचा छोटा कप दाखवला तेव्हा मुली चक्रावल्या, त्यांना बादली वाटत होती.) एकाच बाथरूमला गेलो तर दिवस जातात का? हस्तमैथुन केलं तर उंची खुंटते का, चष्मा लागतो का, पुढे मूल होत नाही का? एक बाजू दुसऱ्यापेक्षा खाली आहे, कॅन्सर आहे का? माझी छाती मुलीसारखी वाढतेय, मी मुलगी होणार का? व्हिडिओत दाखवतात तसं खरंच असतं का, बाई ‘नको नको’ म्हणते म्हणजे तिला हवंच असतं ना? हा शेवटचा प्रश्न एकाच वर्षी वेगवेगळ्या अक्षरांत पुन्हा पुन्हा आला. माझ्या मते नागरिकशास्त्राच्या कुठल्याही प्रश्नापेक्षा तो महत्त्वाचा आहे, आणि त्याचं उत्तर गुलाबी गर्भाशयाच्या चित्रात नाही.

एक चिठ्ठी अशीही होती: ‘घरी येणारे एक काका मांडीवर बसवतात, मला नको वाटतं, आई म्हणते लहानपणापासून बसतेस की.’ नाव नाही, अक्षर मुद्दाम वाकडं काढलेलं. मी ती चिठ्ठी वाचून दाखवली नाही. त्या तासाला आणि पुढच्या कित्येक तासांना आडून आडून एवढंच बोलत राहिले की आपलं अंग आपलं आहे, नको वाटलं तर ते खरंच नको असतं, माणूस ओळखीचा असला म्हणून त्याला मुभा मिळत नाही, आणि सांगितलेलं ऐकून घेणारं माणूस शाळेत आहे. बरेच आठवडे काही झालं नाही. मग एक दिवस मधल्या सुट्टीत ती मुलगी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. पुढे काय झालं ते तिचं आहे, मी इथं सांगणार नाही. माझा मुद्दा त्या आठवड्यांचा आहे. तेवढ्या अवधीत व्याख्यानवाले इतर चाळीस शाळा करून आले असते.

महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये देशभरातल्या मुलांचा बालअत्याचारावर अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा निम्म्याहून अधिक, ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार अनुभवल्याचं सांगितलं होतं. पोक्सो या बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांच्या वरच आहे. आणि योगायोग बघा, त्याच २००७ साली केंद्राचा किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्रानं नाकारला. विधिमंडळात गदारोळ झाला, चित्रं अश्लील आहेत, संस्कृती बुडेल अशी भाषणं झाली. दोन वर्षांनी राज्यसभेच्या याचिका समितीनंही शाळेत लैंगिक शिक्षण नकोच असा सूर लावला. एकीकडे मंत्रालय सांगतंय की निम्मी मुलं भोगतायत, दुसरीकडे आमदार-खासदार म्हणतायत की त्यांना काही सांगू नका, त्यांची निरागसता जाईल.

निरागसतेचा मुद्दा मुंबईत कुणी काढला की मला त्या माणसाच्या घराचं क्षेत्रफळ विचारावंसं वाटतं. २०११च्या जनगणनेनुसार या शहरातली चाळीस टक्क्यांहून अधिक माणसं झोपडपट्टीत राहतात. उरलेल्यांतही चाळीतली दहा बाय बाराची खोली आहे, पुनर्वसन इमारतीतलं सव्वादोनशे फुटांचं घर आहे. त्यात आईवडील, दोन मुलं, आजी आणि गावाहून शिकायला आलेला भाचा. मधला पडदा हाच काय तो खासगीपणा. त्या घरातलं मूल काय बघतं, काय ऐकतं आणि काय कळूनही न कळल्यासारखं करून कूस बदलतं, हे त्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मुलांना माहिती मिळतेच. बोलायला माणूस मिळत नाही.

लवकर सांगितलं तर मुलं लवकर नादाला लागतील, ही भीती मात्र प्रामाणिक आहे, पालकसभेत ती बाप लोक डोळ्यांत डोळे घालून बोलून दाखवतात. त्याला उत्तर अभ्यासाचं आहे: युनेस्कोनं जगभरातलं संशोधन तपासून २००९ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये मार्गदर्शन काढलं. नीट दिलेल्या लैंगिक शिक्षणानं मुलं लवकर संबंध ठेवू लागतात असं त्यात कुठं आढळलं नाही. उलट काही ठिकाणी ती थांबतात आणि सुरू करतात तेव्हा काळजी घेतात. आपल्याकडं गप्प बसून काय साधलं तेही मोजलं गेलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पंधरा ते एकोणीस वयाच्या, आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्या मुलींचं प्रमाण देशात ६.८ टक्के होतं, महाराष्ट्रात ७.६. वीस ते चोवीस वयाच्या आपल्या तरुणींपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधीच लागलेलं होतं. शाहू-फुले-आंबेडकरांचं नाव घेत आपण कोवळ्या वयातल्या बाळंतपणांत देशाच्या सरासरीच्याही मागे आहोत.

संस्कृतीचं म्हणाल तर, कुठल्या? आमच्या आजीच्या पिढीत मुलीला न्हाण आलं की तिला मखरात बसवायचे, साखर वाटायचे, आळीतल्या बायका गाणी म्हणायच्या. आज पॅडच्या जाहिरातीतला निळा द्रव बघून चॅनेल बदलणारे बाप ज्या परंपरेचा दाखला देतात, त्या परंपरेत ही बातमी आळीभर होती. (ती आनंदाची का होती हेही विसरू नये. मुलगी आता नांदायला पाठवता येणार होती, वय काहीही असो.)

आणि त्या नांदायला पाठवण्याविरुद्धची पहिली मोठी लढाई याच शहरात झाली. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी मोठं झाल्यावर नवऱ्याकडे जायला नकार दिला. त्यानं मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. पुढं तडजोड झाली, लंडनला जाऊन त्या डॉक्टर होऊन आल्या. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला तेव्हा वय दहावरून बारावर न्यायलाही टिळकांसह कितीतरी जाणत्यांचा विरोध होता. कारण? धर्मात हस्तक्षेप.

मग र. धों. कर्वे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत पदरमोड करून चालवलं. त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात आक्षेप होता तो वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. हस्तमैथुनानं नुकसान होतं का, असले प्रश्न. त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. १९४९ मध्ये भारतीय कुटुंब नियोजन संघटना मुंबईतच स्थापन झाली आणि १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनाही इथल्याच परिषदेत जन्मली. २००५ पासून डॉ. महिंदर वत्स ‘मुंबई मिरर’ या दैनिकातल्या लैंगिक सल्ल्याच्या सदरात रोज तेच प्रश्न घेत राहिले, नव्वदी ओलांडली तरी. कर्व्यांना लिहिणारा वाचक, वत्सांना लिहिणारा वाचक आणि माझ्या खडूच्या खोक्यात चिठ्ठी टाकणारा आठवीतला पोरगा यांचे प्रश्न शेजारी ठेवले तर कुठला कधीचा हे ओळखता येणार नाही. मुंबईनं उत्तरं शंभर वर्षांपूर्वीच तयार केली. ती वर्गात पोहोचवली नाहीत.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर जो लैंगिक अत्याचार झाला त्यानंतर लोक रेल्वे रुळांवर उतरले. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि मुलग्यांना शिकवा असं खडसावलं. शासननिर्णय निघाला. त्यात सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी, मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत सखी सावित्री समिती. सगळं हवंच आहे, माझी तक्रार नाही. पण पुढे मी एका शाळेत गेले तेव्हा तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर होती आणि तिच्यावर रोखलेला कॅमेरा होता. चिठ्ठी कोण टाकणार तिथं? न्यायालय मुलग्यांना शिकवा म्हणालं, तो भाग शासननिर्णयापेक्षा अवघड होता आणि म्हणून मागे पडला. मुलग्यांना पाळी कळली पाहिजे, नकार कळला पाहिजे, वर्गातल्या मुलीचा फोटो ग्रुपवर पुढे ढकलणं हा थेट गुन्हा आहे हे कळलं पाहिजे. आणि हेही की त्यांच्यावरही अत्याचार होतो आणि तो सांगण्यात कमीपणा नाही. २००७ च्या त्या अभ्यासात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हतं.

आता शिक्षकाच्या बाजूनं. ‘वर्गशिक्षकानं घ्यावं’ असं मी म्हणते तेव्हा स्टाफरूममधून पहिला आवाज येतो: आम्ही काय काय करायचं? निवडणुकीचं काम, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, शिष्यवृत्तीचे फॉर्म, पोषण आहाराचा हिशेब. हे खरं आहे आणि त्यातलं निम्मं काढून घेतल्याशिवाय कुणालाही नवं काही सांगण्याचा सरकारला अधिकार नाही. दुसरा आवाज हळू येतो, आणि तो जास्त खरा असतो: उद्या एखादा पालक म्हणाला की सर माझ्या मुलीशी घाण बोलले, तर माझ्यामागे कोण उभं राहणार? पुरुष शिक्षकांची ही भीती मी जवळून पाहिली आहे. तिला हसण्यात अर्थ नाही. म्हणून दोन शिक्षक वर्गात, एक बाई आणि एक सर. पाठ लिहून मंजूर केलेला, पालकांना आधी दाखवलेला. आणि तक्रार आली तर त्या मंजूर पाठाआड शिक्षकाला उभं राहता येईल असं लेखी संरक्षण. व्याख्यानवाल्यांना बोलावण्यामागं खरं कारण हेच तर आहे, बालंट आलं तर पाहुण्यांवर जातं.

तिसरी अडचण कायद्यानं केली आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं अठरा वर्षांखालच्या कुणाच्याही संमतीला अर्थ उरला नाही. आधी हे वय सोळा होतं. कलम १९ खाली गुन्ह्याची माहिती ज्याला असेल त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे, नाहीतर शिक्षा. लहानग्यांसाठी हे कवच आहे आणि ते ढिलं करू नये. पण सतरा वर्षांची मुलगी वर्गातल्या मुलाबद्दल काही विचारायला आली तर शिक्षिकेनं काय करावं? ऐकलं तर कळवावं लागेल, म्हणून ती ऐकतच नाही. पाळी चुकलेली ती मुलगी सरकारी रुग्णालयात वय सांगितलं की पोलिस येतील म्हणून जात नाही. औषधाच्या दुकानातून कुणाकरवी गोळ्या मागवते, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेते, आणि मग रक्तस्राव थांबला नाही की रात्री त्याच रुग्णालयाच्या अपघात विभागात पोहोचते. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वाट काढून दिली: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकानं विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करण्याची गरज नाही. ही गोष्ट किती मुलींना माहीत आहे? किती आयांना? २०२३ मध्ये विधी आयोगानं वय खाली आणू नये, पण सोळा ते अठरामधल्या परस्परसंमतीच्या प्रकरणांत न्यायालयाला तारतम्याची मुभा असावी असं सुचवलं. मला तेवढंही अपुरं वाटतं. न्यायालयापर्यंत पोहोचेस्तोवर त्या दोघांचं बारावीचं वर्ष बुडालेलं असतं आणि मुलगा निरीक्षणगृहात जाऊन आलेला असतो. जवळपास एका वयाच्या दोघांसाठी कायद्यातच वेगळी वाट हवी. ती होत नाही तोवर निदान शाळेतल्या तासाला ‘सांगितलंस तर काय होईल, नाही सांगितलंस तर काय होईल’ हे मुलांना आधीच खरं खरं सांगावं.

तास म्हणजे काय हवं, तर पाचवीपासून आठवड्याला एक, वेळापत्रकात छापलेला, गणिताच्या सरांनी ‘पोर्शन राहिलाय’ म्हणून पळवता न येणारा. पाचवीत अंगाची ओळख आणि स्पर्श, सहावी-सातवीत वयात येणं, आठवीपुढे नाती, नकार, फोनवरचं सगळं, गर्भनिरोधन, एचआयव्ही. लसीचंही सांगावं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस नऊ ते चौदा या वयातच का घ्यायची, हे आईला पटायला ती लैंगिक संबंधाशी निगडित आहे हे कुणीतरी उच्चारायला लागतंच. परीक्षा नको. गुण ठेवले की क्लासवाले नोट्स काढतील. आणि शाळेबाहेर एक दार: किशोरवयीनांसाठी शासनाची ‘मैत्री’ केंद्रं आहेत, पण ती रुग्णालयात, सकाळच्या वेळात, मुलं शाळेत असताना चालणार असतील तर कुणासाठी? वस्तीतले ‘आपला दवाखाना’ संध्याकाळी उघडे असतात. तिथं आठवड्यातले दोन दिवस समुपदेशक बसवा, पाटीवर ‘लैंगिक’ हा शब्द न लिहिता.

पालकसभा टाळू नये. मी संध्याकाळी सातला ठेवायचे, आया कामावरून परतलेल्या असायच्या. सभेत विरोध दोघा-तिघांचा असायचा, मोठ्या आवाजात. सभा संपल्यावर मात्र चपला घालता घालता एकेक जण मागे रेंगाळायची. माझी पाळी महिन्यातून दोनदा येते, दाखवायला हवं का? तांबी बसवली तर वजन वाढतं का? नवरा ऐकत नाही, काय करू? यातल्या कितीजणींनी नंतर मुलीशी बोलणं सुरू केलं हे मोजायला माझ्याकडं काही नव्हतं, पण पुढच्या सभेला विरोध करणाऱ्यांना उत्तर मी द्यायची गरज पडायची नाही, त्याच द्यायच्या.

एक गट या सगळ्यातून सुटतो, आणि त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही. मुंबईतल्या रात्रशाळा. दिवसा हॉटेलात, कॅन्टीनमध्ये, डिलिव्हरीवर, कारखान्यात राबून संध्याकाळी दहावीला बसणारी पोरं. कुणी सोळाचा, कुणी बावीसचा. खोलीवर आठ-दहा जण मिळून राहणारी, गावी लग्न ठरलेली किंवा इथं कुणाशी सूत जुळलेलं. डब्यातल्या त्या चिठ्ठ्यांवरचा नंबर फिरवणारे यांच्यातच जास्त असणार. तिथं ना पॅडवाल्या कंपन्या जातात ना संस्था. त्यातले बरेच अठरा ओलांडलेले असल्यामुळं शिक्षकाला कायद्याची धास्ती कमी आणि ‘आमच्या मुलाला बिघडवता’ म्हणत येणारा पालकही नाही. कंडोम कसा वापरायचा, एचआयव्हीची तपासणी कुठल्या सरकारी केंद्रात फुकट होते, एचआयव्हीच्या १०९७ या हेल्पलाइनवर काय विचारता येतं, हे त्यांना या आठवड्यात उपयोगी पडणारं ज्ञान आहे. पाचवीच्या तासाला अभ्यास मंडळ लागेल, शासननिर्णय लागेल, दोन-तीन वर्षं जातील. रात्रशाळेचा तास येत्या जूनमध्ये सुरू करायला मुख्याध्यापकाची सही पुरे.